गाडी पुन्हा कधी लागणार? : एसटीबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी मुक्कामी गाडीवर अर्धं पान लिहिलं होतं. रात्री गावात येऊन झोपणारी आणि पहाटे पोरांना घेऊन निघणारी ती गाडी विदर्भातल्या कितीतरी गावांत आता दिसत नाही, एवढंच त्यात म्हटलं होतं. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॅप मेसेज आलेत की संपादकांनी यावेळचं अख्खं सदरच एसटीला देऊन टाकलं. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, मी वाहक म्हणून लागलो, बावीस वर्षं घंटी मारली, मग शेवटची नऊ वर्षं बसस्टँडच्या कंट्रोलर केबिनमध्ये माईकसमोर काढली. आता रिटायर आहे. महामंडळाच्या वतीने बोलत नाहीये, मला जे ठाऊक आहे ते सांगतो.

प्रश्न : नमस्कार काका, आमच्या गावाला सकाळी सहाची मुक्कामी गाडी होती. कोरोनात बंद झाली ती झालीच. माझी मुलगी अकरावीला आहे, कॉलेज तालुक्याला, १९ किलोमीटर. आता ती काळीपिवळीने जाते, ड्रायव्हरच्या बाजूला चार जण बसतात, मागे लटकलेले वेगळेच. तिचे बाबा म्हणतात बारावी झाली की पुरे. आम्ही दोनदा आगारात जाऊन आलो, भारमान नाही म्हणून सांगितलं. भारमान म्हणजे काय आणि ते आम्ही आणायचं कुठून? (एक आई, नाव-गाव छापू नये)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. भारमान म्हणजे गाडीच्या सीटा किती भरल्या त्याची टक्केवारी. पण नुसती डोकी मोजत नाहीत, डोकं किती किलोमीटर बसलं ते मोजतात, आणि खेड्याची गाडी मार खाते ती इथेच. समजा ४४ सीटची गाडी तुमच्या गावातून निघाली तेव्हा आत नऊ माणसं, पुढच्या फाट्यावर पंधरा चढली, तालुक्याच्या आधीच्या दोन गावांत एवढी गर्दी की दारात पाय ठेवायला जागा नाही. तुम्हाला वाटणार गाडी फुल्ल होती. हिशोबात मात्र पहिले दहा-बारा किलोमीटर गाडी जवळजवळ रिकामीच धावलेली दिसते. त्यात आदल्या रात्रीची मुक्कामाला येणारी फेरी, तिला सात-आठ माणसं मिळाली तरी खूप, आणि सकाळची फेरी पाहिजे तर रात्रीची करावीच लागते. दोन्हीची सरासरी काढली की आकडा पडतो.

दुसरं म्हणजे तुमच्या मुलीसारख्या पासवाल्या. पासाचे पैसे महिन्याचे एकदम आगारात भरले जातात, त्या दिवशीच्या त्या फेरीच्या गल्ल्यात ते येत नाहीत. मुलींचा मोफत पास असेल तर ते पैसे सरकार महामंडळाला देतं, तेही वरच्या पातळीवर. म्हणजे गाडीत तीस पोरी बसल्यात आणि वाहकाच्या बॅगेत चारशे रुपये, असं मी कित्येक सकाळी बघितलंय, माझ्याच बॅगेत बघितलंय. वेबिल, म्हणजे वाहकाचा फेरीच्या तिकिटांचा हिशोबाचा कागद, जमा करताना कॅशियर विचारायचा, एवढंच? आणि मी म्हणायचो गाडी तर भरून आणली की हो.

आता माझं मत सांगतो आणि ते नोकरीत असतानाही मी बोलून दाखवलंय. भारमान हे गाडी बंद करायचं कारण म्हणून सांगितलं जातं, पण तो परिणाम असतो. मार्च २०२० ला लॉकडाऊनमध्ये गाड्या उभ्या राहिल्या, थोड्या थोड्या सुरू होत होत्या तोवर ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी एसटी कर्मचाऱ्यांच्या संपाला सुरुवात झाली आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. दोन वर्षं गेली. दोन वर्षांत गावाने काय करायचं, ज्याला जमलं त्याने हप्त्यावर मोटरसायकल घेतली, कुणी काळीपिवळीवाल्याशी महिन्याचं ठरवून टाकलं, आणि ज्यांना यातलं काहीच जमलं नाही त्यांनी पोरीचं नाव शाळेतून काढलं. इकडे जुन्या गाड्या भंगारात गेल्या आणि त्या मानाने नवीन आल्या नाहीत. मग कधीतरी आठवडाभर गाडी लावून बघायची, सहा माणसं मिळाली की भारमान नाही. आठवड्याभरात कुणी मोटरसायकल विकत नाही हो. गाडी रोज त्याच वेळेला येते आणि संध्याकाळी परत आणूनही सोडते याची खात्री पटायला माणसाला दोन-तीन महिने लागतात, आणि एकदा का ती न सांगता चुकली की ते दोन-तीन महिने परत पहिल्यापासून मोजायचे.

हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्या वाहकपणाच्या काळात एका आडवळणाच्या गावाची सकाळी ७.४० ची फेरी आम्हाला मिळाली होती. आधी ती कधी आठला जायची, कधी जायचीच नाही, दुसरी गाडी बिघडली की हीच काढून तिकडे लावायचे. माझा चालक मोठा हट्टी माणूस, तो म्हणाला आपण पावसाळाभर ७.४० म्हणजे ७.४० करू, गाडी बदलून मागायची वेळ आली तर मी भांडतो. पहिल्या आठवड्यात अकरा तिकिटं. पोळ्याला वीस-बावीस. दिवाळीनंतर एक म्हातारी मला म्हणाली, आता तुमची गाडी आली की आम्ही चूल पेटवतो, घड्याळ नाही पाहत. तेव्हा गाडीत उभी माणसं होती. भाडं तेच होतं, गावही तेच, फक्त वेळ पाळली होती.

आता करायचं काय ते. एकट्या गावाने जाऊ नका, त्या रस्त्यावरची चार-पाच गावं मिळून जा आणि प्रत्येक ग्रामसभेचा ठराव सोबत घ्या. शाळा आणि कॉलेजकडून लेटरहेडवर लिहून घ्या की कोणत्या गावातून किती मुलं-मुली येतात, पास किती जणांकडे आहे, शाळा भरते किती वाजता आणि सुटते किती वाजता. हा कागद सगळ्यात महत्त्वाचा, कारण वेबिलात न दिसणाऱ्या पोरी या कागदावर दिसतात. रस्ता खराब म्हणून आधी नकार आला असेल तर बांधकाम खात्याचं किंवा जिल्हा परिषदेचं पत्र लागेल की रस्ता आणि पूल मोठ्या गाडीला चालतो. आणि गावात गाडी वळवायला जागा ठेवा, हे फार जण विसरतात. एवढी लांब गाडी मंदिरासमोरच्या चौकात वळत नाही आणि अंधारात रिव्हर्स घ्यायला चालक घाबरतो, मागे कुणाचं जनावर बांधलेलं असतं, कुणाची बाज असते.

अर्ज आगार व्यवस्थापकाच्या नावाने करा, एक प्रत विभाग नियंत्रकांना, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. २०२४ पासून प्रवासी राजा दिन म्हणून सुरू केलंय, त्या दिवशी विभाग नियंत्रक स्वतः आगारात येऊन बसतात आणि तक्रारी लेखी घेतात, तुमच्या आगाराची तारीख विचारून ठेवा. तरीही भारमान नाही असंच तोंडी उत्तर मिळालं तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा स्टँप लावून विचारा की फेरी बंद करण्याआधीच्या बारा महिन्यांत दर महिन्याला ती किती दिवस प्रत्यक्षात धावली आणि भारमान किती होतं. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ज्या महिन्यात गाडी बारा दिवसच आली त्या महिन्याचं भारमान काय कामाचं, हे मग तुम्हालाच त्यांच्या समोर कागद ठेवून विचारता येईल.

आणखी एक, तुमचा तालुका मानव विकास कार्यक्रमाच्या १२५ तालुक्यांत आहे का ते बघा. त्यात गावातून शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी निळ्या गाड्या दिल्यात, त्यांचा खर्च सरकार देतं, तिथे भारमानाचा प्रश्नच यायला नको. पंचायत समितीत विचारलं की कळेल. मुलीच्या बाबांना माझा नमस्कार सांगा, आणि एवढंच सांगा की बारावीनंतरचं बारावीनंतर ठरवू, आधी गाडी आणू.

प्रश्न : आमच्या गावात मुक्कामी गाडी यायला तयार आहे पण चालक-वाहकांची झोपायची सोय गावाने करावी असं म्हणतात. आधीचे लोक कुठे झोपायचे? किती सोय लागते? (एक सरपंच, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : सरपंच, आधीचे म्हणजे आम्हीच. कुठे झोपायचो ते विचारू नका, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात, शाळेच्या व्हरांड्यात, उन्हाळ्यात गाडीच्या टपावर, आणि पाऊस असला की गाडीतच मधल्या रांगेत. वाहकाकडे दिवसाची रोकड असते, ती जमा व्हायची दुसऱ्या दिवशी आगारात, म्हणून रात्री कॅशबॅग उशाशी घेऊन झोपायचं, पट्टा मनगटाला गुंडाळून. मी निवृत्त झाल्यावरही कित्येक महिने मध्यरात्री हात उशाखाली जायचा. चालकाचं वेगळं, त्याची झोप झाली नाही तर सकाळी पन्नास पोरांचा जीव त्याच्या हातात असतो, हे गावाने लक्षात घ्यायला पाहिजे.

फार काही नको. आतून कडी लागणारी एक खोली, पंखा, दोन बाजा किंवा सतरंज्या, मच्छरदाणी, पिण्याचं पाणी आणि पहाटे साडेचारला दिवा लागेल असं संडास-बाथरूम. ग्रामपंचायतीची किंवा समाजमंदिराची एक खोली काढून द्या. आणि महिला वाहकही आता बऱ्याच आहेत, त्यांची ड्युटी लागली तर स्वतंत्र खोली लागेल, हे आधीच ठरवून ठेवा. जेवणाचं आम्ही डबा आणायचो, तरी गावात कुणी ना कुणी भाकर आणून द्यायचंच. एका गावात एक आजी रोज रात्री झाकून तांब्याभर दूध ठेवायची, आम्ही कोण, आमची जात कोणती, तिने कधी विचारलं नाही. मुक्कामी ड्युटी नको म्हणून लोक कंट्रोलरकडे विनवण्या करतात, पण त्या गावची ड्युटी आम्ही मागून घ्यायचो.

प्रश्न : आजोबा ७६ वर्षांचे आहेत, आजी ६८, आई ४५. तिघांना नागपूरला जायचंय. कोणाला किती तिकीट? वाहकाने आजोबांना शून्य रुपयाचं तिकीट दिलं, ते कशाला घ्यायचं? (कॉलेज विद्यार्थी, वाशीम जिल्हा)

उत्तर : आजोबांना काहीच नाही, ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. आजीला अर्धं. आईलाही अर्धं, कारण १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, वयाचा प्रश्न नाही. आजोबांचं आधारकार्ड सोबत असू द्या. या सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच, म्हणजे तुम्ही पुढे छिंदवाड्याला किंवा आदिलाबादला गेलात तर सीमेच्या पलीकडचं भाडं पूर्ण लागेल.

शून्याचं तिकीट नक्की घ्या, मागून घ्या. त्या कागदावरून मोजलं जातं की किती वयस्कर माणसं बसली, आणि तेवढे पैसे सरकारकडून महामंडळाला मिळतात. आजोबा तिकिटाशिवाय बसले तर हिशोबात ती सीट रिकामी. वर पहिल्या पत्रातल्या ताईंचं वाचलंच असेल.

प्रश्न : महिलांना अर्धं तिकीट, म्हाताऱ्यांना फुकट, मुलींना पास, याच्याने एसटी बुडाली असं आमच्या इथे सगळे म्हणतात. खरं आहे का? (एक दुकानदार, बुलडाणा जिल्हा)

उत्तर : नाही भाऊ, मला हे पटत नाही आणि ऐकलं की वाईट वाटतं. सवलतीची रक्कम सरकारने महामंडळाला भरून द्यायची असते. ती वेळेवर आली नाही तर पगार अडतात, डिझेल अडतं, ते खरं दुखणं. पण दोष बसलेल्या बाईचा नाही. अर्धं तिकीट झाल्यावर स्टँडवर काय झालं ते मी स्वतः जाऊन बघितलंय, ज्या बाया वर्षातून एकदा राखीला माहेरी जायच्या त्या महिन्याला जायला लागल्या, बाजाराला जायला लागल्या, स्वतःच्या दवाखान्यासाठी जायला लागल्या. सीट तशीही धावतच होती, रिकामी धावत होती.

तोट्याची कारणं जुनी आहेत. तिकिटावर कितीतरी वर्षं साडेसतरा टक्के प्रवासी कर होता, म्हणजे गरीब माणसाच्या तिकिटातून सरकारला. डिझेल वाढलं, टोल आला, आणि ज्या रस्त्यावर चार पैसे मिळतात तिथे स्टँडच्या बाहेरूनच खासगी गाड्या भरतात. ज्या रस्त्यावर मिळत नाहीत तिथे मात्र एसटीच पाहिजे, तिथे ट्रॅव्हल्सवाला येत नाही.

तुम्ही दुकानदार आहात म्हणून एक गोष्ट सांगतो. एसटी ज्या कायद्याने चालते तो १९५० चा रस्ते वाहतूक महामंडळ कायदा. त्याच्या १८ व्या कलमात लिहिलंय की महामंडळाने पुरेशी, परवडणारी, चांगली वाहतूक लोकांना द्यावी. आणि २२ व्या कलमात लिहिलंय की कारभार धंद्याच्या तत्त्वाने करावा. दोन्ही एकाच कायद्यात. आमचं सगळं आयुष्य या दोन कलमांच्या मध्ये गेलं, सकाळी गावकरी यायचे ते १८ वं कलम मागायला आणि संध्याकाळी वरून फोन यायचा तो २२ व्याचा. मला विचाराल तर जिथे धंदा होतो तिथे धंदा करावा आणि त्या पैशाने व सरकारच्या पैशाने खेड्याची गाडी चालवावी, आणि खेड्याच्या गाडीला धंद्याची पट्टी लावूच नये. गावच्या शाळेचं किंवा दवाखान्याचं भारमान कुणी काढतं का?

प्रश्न : मी भामरागड तालुक्यात शिक्षक आहे. पावसाळ्यात आमचा संपर्कच तुटतो. शहरातले मित्र विचारतात अजून एसटी नसलेली गावं आहेत का, तुम्हीच सांगा काका. (एक शिक्षक, गडचिरोली जिल्हा)

उत्तर : सर, तुमच्या मित्रांना जिल्ह्याचा नकाशा दाखवा. १४,४१२ चौरस किलोमीटरचा जिल्हा आणि जिल्ह्यात आगारं दोन, गडचिरोली आणि अहेरी. त्या विभागातलं तिसरं ब्रह्मपुरी, ते चंद्रपूर जिल्ह्यात. अहेरीच्या आगाराने आलापल्ली, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा एवढा सगळा पसारा सांभाळायचा, मधे अर्धं जंगल आणि प्रत्येक दहा-वीस किलोमीटरवर नाला. पर्लकोटा नदी चढली की भामरागडचा रस्ता बंद, गाडी अलीकडे उभी आणि माणसं पलीकडे, हे मी तिकडे काम केलेल्या मित्रांकडून दर पावसाळ्यात ऐकलंय. पुराच्या पाण्यात गाडी घालू नका म्हणून चालकाला सक्त ऑर्डर असते आणि ती बरोबरच आहे, गाडीतले चिडतात तेव्हा त्यांना समजावून सांगा.

एसटी नसलेली गावं आहेत का, तर १ जानेवारी २०२५ ला एटापल्ली तालुक्यात अहेरी ते गर्देवाडा गाडी सुरू झाली, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आले होते. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी त्या भागातल्या लोकांनी आपल्या गावात पहिल्यांदा एसटी बघितली. तिथे आधी पोलीस मदत केंद्र झालं, मग गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी रस्ता आणि पूल, आणि त्याच्यानंतर गाडी. मी टीव्हीवर बघितलं, बाया-बापड्या गाडीला हळदकुंकू लावत होत्या आणि माझ्या बायकोने मला पाणी आणून दिलं कारण मला बोलताच येईना. गाडी आली म्हणजे रेशन, आश्रमशाळा, बाळंतपण, पेन्शन, सगळं एकदम जवळ येतं. आता ती रोज येत राहणं महत्त्वाचं, आणि तुमच्यासारख्या शिक्षकांनी दर महिन्याला किती मुलं बसली त्याची वही ठेवली तर पुढे कुणी प्रश्न विचारला की ती वही कामाला येईल.

प्रश्न : माझे बाबा चालक आहेत. संपापासून आमच्या गावात लोक टोमणे मारतात, तुमच्यामुळे गाड्या गेल्या म्हणतात. बाबा काही बोलत नाहीत. मी काय उत्तर देऊ? (दहावीचा विद्यार्थी)

उत्तर : बाळा, तू उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. पण तुला खरं माहीत असावं म्हणून सांगतो. मागणी होती की महामंडळ राज्य सरकारात विलीन करा, म्हणजे पगार वेळेवर आणि इतर सरकारी नोकरांसारखा मिळेल. एवढे महिने घरात पगार आला नाही, तुमच्या घरी काय दिवस गेले ते तुलाच माहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारने मूळ पगारात वाढ जाहीर केली, दहा वर्षांच्या आतल्यांना ५ हजार, दहा ते वीस वर्षं झालेल्यांना ४ हजार, त्यावरच्यांना अडीच हजार. यावरूनच समज, नवीन माणसाचा पगार आधी किती कमी असेल की एका फटक्यात पाच हजार वाढवावे लागले. विलीनीकरण झालं नाही, मुंबई उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर या म्हणून सांगितलं आणि लोक कामावर गेले.

गावाचा राग खोटा नाही, त्यांच्या पोरी घरी बसल्या. तुझ्या बाबांचाही खोटा नव्हता. दोघंही एकाच गाडीवर अवलंबून आहेत. बाबा गप्प बसतात ते कमीपणा वाटतो म्हणून नाही, दिवसभर स्टेअरिंगवर दोनशे-तीनशे किलोमीटर खड्ड्यांतून गाडी काढून आलेल्या माणसाला भांडायची ताकद उरत नसते. संध्याकाळी घरी आले की त्यांची पाठ चेपून दे.

प्रश्न : पहिली एसटी कुठून कुठे धावली? आमच्या विदर्भात कधी आली? शाळेत प्रकल्प आहे. (सातवीच्या दोन मैत्रिणी, चंद्रपूर जिल्हा)

उत्तर : पहिली गाडी १ जून १९४८, पुणे ते अहमदनगर, म्हणजे आत्ताचं अहिल्यानगर. बेडफर्ड कंपनीची गाडी, लाकडी बॉडी, काथ्याच्या सीटा. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे, ही दोन नावं प्रकल्पात नक्की लिहा. विदर्भ तेव्हा मध्य प्रांतात होता आणि तिकडे वेगळी सरकारी बस सेवा होती, प्रोव्हिन्शिअल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस नावाची. मराठवाड्यात तर निजामाच्या राज्यात १९३२ पासूनच रेल्वेच्या जोडीने सरकारी बस होती, सुरुवात २७ गाड्यांनी. महाराष्ट्र झाल्यावर १९६१ ला हे तिन्ही एकत्र करून आजचं महामंडळ झालं. गाडीवर "बहुजन हिताय, बहुजन सुखाय" लिहिलेलं असतं त्याचं चित्र काढा, छान दिसतं. जवळच्या आगारात जाऊन सरांच्या परवानगीने वर्कशॉपही बघून या, चाक कसं उतरवतात ते बघायला मजा येते.

प्रश्न : तिकिटाचा टप्पा म्हणजे काय? मी चारच किलोमीटर जातो तरी पूर्ण घेतात. (एक मजूर, अकोला जिल्हा)

उत्तर : सहा किलोमीटरचा एक टप्पा, भाडं टप्प्याने लागतं. चार जा नाहीतर सहा, टप्पा एकच धरतात. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीत साध्या गाडीचा टप्पा ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैसे झाला. रोज जात असाल तर आगारात मासिक पास विचारा, रोजच्या तिकिटापेक्षा बराच स्वस्त पडेल.

प्रश्न : मी अमरावतीला शिकतो, खोली करून राहतो. आमच्या गावाकडची गाडी दुपारी स्टँडवर लागते. आई डबा पाठवू शकते का? आधी पाठवायचे म्हणे. (विद्यार्थी, मेळघाटातला)

उत्तर : पाठवायचे काय, एकेका गाडीत बॉनेटवर आणि पहिल्या सीटच्या खाली वीस-वीस डबे असायचे. कापडाच्या पिशवीत, पिशवीवर पेनाने नाव, गाव आणि कॉलेज. माऊल्या गाडी थांबली की खिडकीतून द्यायच्या आणि सांगायच्या, दादा आडवा नका करू, आत वरण आहे. मग ते वरण सांभाळत घाट उतरायचा. आम्हाला डब्यावरून पोराचा चेहरा माहीत असायचा, कुणाचा डबा दोन दिवस तसाच परत गेला की कळायचं पोरगं आजारी आहे, मग गावी निरोप द्यायचा.

नियमाने सामानाची रीतसर पावती करायला पाहिजे आणि बेवारस पिशवी ठेवून घेणं आता सुरक्षेसाठी बरोबर नाही, म्हणून आईने आधी वाहकाशी आणि कंट्रोलरशी बोलून घ्यावं, पावती करावी, पिशवीवर तुझा मोबाईल नंबर लिहावा. तू गाडी लागायच्या दहा मिनिटं आधी प्लॅटफॉर्मवर उभा राहा, डबा घेतलास की कालचा रिकामा धुऊन त्याच गाडीत दे, आणि वाहकाला पाणी विचार.